पावती, मनीऑर्डर, ई-चलन: रत्नागिरीतील वाहनदंडाचा इतिहास

रत्नागिरीत चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल भरलेला दंड नगर परिषदेच्या तिजोरीत जात नाही. शहरातले बहुतेक रस्ते तिचे आणि त्यांवरचे खड्डे बुजवण्याची जबाबदारीही तिची. पण दंड आकारतो वाहतूक पोलीस, पैसा जातो राज्याकडे आणि दाद मागायची ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्यानंतर पार्किंगचे दंड टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्थांकडे गेले आणि त्यांवरची अपिले ऐकायला स्वतंत्र न्यायाधिकरणे आली. महाराष्ट्रात तसे झाले नाही. कर नगरपालिकेने घ्यावा आणि शिक्षा सरकारने करावी, ही वाटणी मुंबई इलाख्याच्या काळातली आहे.

त्या काळी कोकणातली मोठी वाहतूक समुद्रातून होई. घाटावरचा माल लमाणांच्या आणि व्यापाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून उतरे. गाडीरस्ते सावकाश वाढले आणि त्यांच्या मागोमाग नियम आले. १८९० च्या मुंबई जिल्हा पोलीस कायद्याने मुंबई शहराबाहेरच्या रस्त्यांवरची शिस्त पोलिसांकडे दिली. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने पालिकांना वाहने, होड्या आणि ओझ्याची जनावरे यांवर कर बसवण्याची, तसेच हद्दीत शिरणाऱ्या गाड्यांकडून टोल घेण्याची मुभा दिली. गाडीवानाशी पालिकेचा संबंध प्रामुख्याने पैशापुरता राहिला.

याला एक ठळक अपवाद होता, तो कोंडवाड्याचा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याखाली मोकाट जनावर कोंडवाड्यात घातले जाई आणि दंड व चारापाण्याचा खर्च भरल्याशिवाय मालकाला ते परत मिळत नसे. गावोगावच्या नगरपालिका पुढे हेच काम करत आल्या. या कायद्यातली दाद मागण्याची सोय मात्र आजही वाचण्यासारखी आहे. जनावर विनाकारण पकडले असे वाटल्यास मालकाने दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची आणि तक्रार खरी ठरली तर शंभर रुपयांपर्यंत भरपाई मिळायची. मुदत ठरलेली, जागा ठरलेली आणि वर नुकसानीचा मोबदला. बैलाच्या मालकाला मिळालेली ही स्पष्टता मोटारीच्या मालकाला पुढची शंभर वर्षे मिळाली नाही, असे म्हणायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने जुने नियम एकत्र केले. त्याचे कलम ९९ म्हणजे ‘डाव्या बाजूने चला’ हा नियम. कलम १०२ मध्ये माल किंवा माणसे चढवण्या-उतरवण्यास लागेल त्याहून जास्त वेळ वाहन रस्त्यात उभे ठेवणे आणि रस्त्यात गुरे बांधणे, हे दोन्ही एकाच पंक्तीत बसवले आहेत. ज्या शहरांच्या आळ्या बैलगाडीच्या मापाने आखल्या गेल्या, तिथे ही पंगत अगदी योग्य होती. सायकलवाल्याला तर दोघांकडे बघावे लागे. बिल्ला नगरपालिकेचा, आणि दिव्याविना किंवा डबलसीट सापडला तर गाठ पोलिसाशी.

मोटारीसाठी मुंबई सरकारने १९०४ मध्येच स्वतंत्र कायदा केला. त्यानंतर १९१४ आणि १९३९ चे देशव्यापी कायदे आले. किरकोळ गुन्ह्यासाठी आरोपीने कोर्टात खेटे घालू नयेत म्हणून १९३९ च्या कायद्यात रजिस्टर पत्राने गुन्हा कबूल करून रक्कम पाठवण्याची सोय होती. १९८८ च्या कायद्याच्या कलम २०८ ने ती आणखी सोपी केली. दंड मनीऑर्डरने पाठवायचा आणि गुन्ह्याची कबुली मनीऑर्डरच्या कुपनावरच लिहायची. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर ज्या जिल्ह्यातली घरे चालली, तिथे पोस्टाच्या या कुपनाची ओळख कोणाला करून द्यावी लागणार नव्हती. खुशालीच्या चार ओळींच्या जागी गुन्ह्याची कबुली, एवढाच फरक.

कबुली मात्र महागात पडे, कारण कबूल केलेल्या गुन्ह्यावर अपील जवळजवळ नाहीच. फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार कबुलीनंतर फक्त शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा तिच्या कायदेशीरपणाबद्दल बोलता येते. १९७३ च्या संहितेत याखेरीज आणखी एक बांध होता: प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने केलेला शंभर रुपयांपर्यंतचा दंड आणि संक्षिप्त चौकशीतला दोनशे रुपयांपर्यंतचा दंड यांवर अपीलच करता येत नसे. १९८८ च्या कायद्यातल्या कलम १७७ चा सर्वसाधारण दंड पहिल्या खेपेला शंभर आणि पुढे तीनशे रुपयांपर्यंत होता. म्हणजे नेहमीच्या चुकांपैकी पुष्कळशा अपिलाच्या उंबरठ्याच्या अलीकडेच थांबत.

त्यामुळे लोकांनी जवळची वाट धरली. कलम २०० खाली राज्य सरकारने नेमलेला अधिकारी ठरलेली तडजोड रक्कम घेऊन प्रकरण तिथेच मिटवू शकतो. यालाच बोलीभाषेत ‘पावती फाडणे’ म्हणतात. पावती फाटली की कोर्ट नाही, वकील नाही, अर्थात सुनावणीही नाही. वाहने कुठे उभी करायची हेही कलम ११७ नुसार राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी ठरवतो; स्थानिक संस्थेचा फक्त विचार घ्यायचा असतो.

२०१९ मध्ये केंद्राने दंड वाढवले. कलम १७७ चा दंड पाचशे आणि पुन्हा चूक झाल्यास दीड हजारांवर गेला. १ सप्टेंबरपासून हे दर देशात लागू व्हायचे होते, पण विधानसभा निवडणूक तोंडावर आलेल्या महाराष्ट्राने ते रोखून धरले. डिसेंबर २०२१ मध्ये ते काही सवलतींसह लागू झाले. हेल्मेटसाठी केंद्राने हजार रुपये ठरवले होते, राज्याने तडजोडीची रक्कम पाचशे ठेवली.

तोवर पावतीपुस्तकाची जागा ई-चलनाने घेतली होती. मुंबईत ते २०१६ मध्ये सुरू झाले आणि पुढे राज्यभर पसरले. आता एमएच-०८ क्रमांकाच्या गाडीला मुंबईच्या सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचे चलन रत्नागिरीत बसून मोबाइलवर येते. पूर्वी पोलिसाशी रस्त्यातच हुज्जत घालता येई. आता फोटोवरचा क्रमांक आपलाच आहे का, हे आधी पाहावे लागते. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायची असते. चलन चुकीचे असल्यास वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर किंवा ॲपवर हरकत नोंदवता येते. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत आहे आणि जुन्या चलनांबाबत वाहनमालक याच मुदतीकडे बोट दाखवतात.

न भरलेली चलने २०२१ पासून लोकअदालतींत येऊ लागली आणि वाहनमालकांना दाखलपूर्व नोटिसा मिळू लागल्या. तिथे दोन्ही बाजूंची संमती झाली की निवाडा होतो आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्यावर अपील नसते. संमती न देणाऱ्याचे प्रकरण गुन्हा जिथे घडला त्या हद्दीतल्या कोर्टात चालते. मुंबईच्या चलनाविरुद्ध लढायचे तर रत्नागिरीकराला मुंबईच गाठावी लागते.