शेजाऱ्यासाठी संप

कंपनी कर्जात बुडाली की कोर्ट तिच्यावर रिसीव्हर नेमते. मग कारभाराला लागलेला हात कोर्टाचा. तो अडवला, की कोर्टाची बेअदबी. हा साधा नियम संपाच्या वेळी केवढा कठोर होतो, हे मला अमेरिकेतल्या फ्रँक फेलनच्या हकिकतीत दिसले.

शिकागोजवळच्या पुलमन गावी आगगाडीचे डबे बनवणाऱ्या कामगारांची मजुरी कापली. कंपनीच्याच घरांचे भाडे मात्र उतरले नाही. १८९४ साली संप झाला. युजीन डेब्ज यांच्या रेल्वे युनियनने पुलमनचे डबे न ओढण्याचे ठरवले. तोच निरोप घेऊन फेलन सिनसिनाटीला आला. तेथील एक रेल्वे नेमकी रिसीव्हरच्या ताब्यात होती!

जुलैत न्यायाधीश विल्यम टॅफ्ट यांनी ज्यूरीवाचून निकाल दिला: सहा महिने कैद. स्वतःच्या मजुरीसाठी शांतपणे संप करणे हा कामगारांचा हक्कच, असेही ते म्हणाले; पण दुसऱ्यांच्या भांडणासाठी रेल्वे बंद पाडणे हा बेकायदा कट.

येथेच माझे मन अडते. शेजाऱ्याची चूल विझू नये म्हणून आपले काम सोडणे, याला आपण माणुसकी म्हणतो ना?

टॅफ्ट पुढे अध्यक्ष झाले, सरन्यायाधीशही झाले. ते १९३० साली वारले. १९३२ साली अमेरिकेने कायदा करून संपाविरुद्धच्या मनाई हुकुमांना लगाम घातला आणि अशा बेअदबीच्या खटल्यांत ज्यूरीचा हक्क दिला.

कायदा शहाणा होतो खरा; पण आधी कुणीतरी कैद भोगून झाल्यावर.