मूळ इंजिन म्हणजे कोणते?

जुनी लाकडी मोटरबोट दुरुस्त करणारे हौशी लोक एका गोष्टीवर अडून बसतात: इंजिन मूळचेच हवे. गंमत अशी, की अमेरिकेतल्या क्रिस-क्राफ्टच्या सुरुवातीच्या बोटींचे मूळ इंजिन बोटीसाठी केलेलेच नव्हते!

१९१८ मध्ये पहिले महायुद्ध संपले आणि शिकाऊ वैमानिकांच्या विमानांसाठी बनवलेली कर्टिसची ओएक्स-५ इंजिने ढिगाने पडून राहिली. मिशिगनमधल्या अल्गोनॅकच्या क्रिस स्मिथने मुलांसह १९२२ मध्ये कंपनी काढली. ही आठ सिलिंडरची, ९० अश्वशक्तीची इंजिने स्वस्तात घेऊन त्यांनी २६ फुटी महोगनीच्या बोटींत बसवली. रेडिएटर गेला, थंड करायला बाहेरचेच पाणी आले. बोट मागे घेण्यासाठी गिअर जोडला.

आज असे इंजिन उघडायचे म्हणजे अडकलेले पिस्टन दिवसेंदिवस तेलात भिजवायचे, पाण्याच्या वाटांतला गंज खरवडायचा, बेअरिंगचा मऊ धातू नव्याने ओतून घ्यायचा. त्यापेक्षा नवे इंजिन सोपे.

मग हा खटाटोप कशाला? जन्मभर सनावळ्या शिकवलेल्या माझ्यासारख्या मास्तरला उत्तर सोपे वाटते. बोट नव्या इंजिनानेही पळेल; पण युद्धाच्या उरल्यासुरल्या मालातून सहलीची बोट करणारी ती माणसे जुन्या लोखंडातच भेटतात.