निर्वातातला खटका

वीज जोडणे सोपे, तोडणे महाकठीण. दिव्याचे बटण बंद करताना आत बारीकशी ठिणगी उडते, ती आपण पाहिली असेलच. हजारो व्होल्टांवर त्याच ठिणगीचा लोळ होतो. तो विझवायला पूर्वी तेलाने भरलेली टाकी वापरीत. आता तेलच पेटले तर काय, ही धास्ती वेगळीच!

१९२६ साली अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत प्राध्यापक रॉयल सोरेन्सन यांनी निराळीच वाट धरली. हवा काढून घेतलेल्या नळीत त्यांनी प्रवाह तोडून पाहिला. तिथे ठिणगी जगते ती केवळ तापल्या धातूच्या वाफेवर. उलटसुलट वाहणारा प्रवाह क्षणभर शून्यावर आला, की वाफ गोठते नि ठिणगी विझते. पुढच्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकने हक्क विकत घेतले खरे. पण मंदी आली, तेलाची यंत्रे सुधारली, नि काम रखडले. १९६० नंतर टॉमस ली यांच्या हातून याच कंपनीत १५ हजार व्होल्टांचा निर्वात ब्रेकर सिद्ध झाला.

पुढे हीच नळी दोन घरी नांदू लागली. ब्रेकर हा पहारेकरी. एरवी स्वस्थ, पण शॉर्टसर्किट झाले की पंचवीस-तीस हजार अँपिअरही तोडतो. काँटॅक्टर हा राबता गडी. मोटर लाखो वेळा चालू-बंद करील. मोठा दोष मात्र त्याला झेपत नाही, म्हणून पुढे फ्यूज लागतो. दिवसातून दहादा चालणाऱ्या पंपाला ब्रेकर बसवणे मला तरी उधळपट्टी वाटते.

साधा काँटॅक्टर कॉइलच्या ओढीवर मिटलेला राहतो. वीज जरा लवली की सुटतो. मग त्याला यांत्रिक खटका बसवला. एकदा मिटला, की कॉइलला वीज नसली तरी मिटलेलाच. ट्रान्सफॉर्मरपुढे हे छानच. पण मोटरपुढे? समजा, वीज गेली, पंप थांबला, नि कामगाराने दुरुस्तीसाठी आत हात घातला. खटका तसाच धरून आहे. वीज परतली की पंप आपोआप फिरणार! म्हणून वीज जाताच खटका सोडवणारा रिले हवा, नि त्याला स्वतंत्र बॅटरी. तीन फ्यूजांपैकी एक उडाला तरी त्याच्या खिळीने काँटॅक्टर सुटला पाहिजे. नाहीतर मोटर दोनच तारांवर कण्हत राहते नि जळते.