नलिकाप्रवेशन, स्वहस्ते (मूत्राशय काढल्यानंतरचे)

मूत्राशय (बहुधा कर्करोगामुळे) काढून टाकल्यावर आतड्याची पिशवी तयार करतात. तिच्यातील लघवी रुग्णाने ठरलेल्या वेळी स्वतः नळी घालून काढणे, म्हणजे स्वहस्ते नलिकाप्रवेशन. बोलण्यात नुसते ‘नळी घालणे’. पिशवी रिकामी झाली की नळी बाहेर काढतात. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील अनेक जण शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठतात. नळी हाताळायची सवय मात्र घरच्या न्हाणीघरातच होते. प्रस्तुत नोंद त्या घरच्या काळापुरती आहे.

प्रकार : यूजीन ब्रिकर यांच्या 1950 मधील पद्धतीत शेषांत्राच्या (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या) तुकड्याचे तोंड पोटावर आणून बाहेर पिशवी चिकटवतात, तेथे नळी लागत नाही. नवमूत्राशयात शेषांत्राच्या सुमारे 50–60 सेंमी. भागाची पिशवी मूळ मूत्रमार्गाला जोडतात. बरेच जण पोटावर दाब देऊन लघवी करू शकतात. काहींची, विशेषतः स्त्रियांची, पिशवी पुरती रिकामी होत नाही व नळी घ्यावी लागते. ‘इंडियाना’ पिशवी मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाची असते. तिचे तोंड पोटावर, पण बाहेर पिशवी नाही; नळी हाच एक मार्ग.

इतिहास : लुडविग गटमान यांनी इंग्लंडमध्ये पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठी ठरावीक वेळाने नळी घालण्याची पद्धत निर्जंतुक हातमोजे व साधने वापरून रूढ केली. 1972 मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जॅक लॅपिडीस व सहकाऱ्यांनी स्वच्छ धुतलेले हात व स्वच्छ नळी पुरेशी असल्याचे मांडले. मूत्राशय तुडुंब ताणला की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो व जंतूंना वाव मिळतो, म्हणून निर्जंतुकतेपेक्षा वेळेवर रिकामे करणे महत्त्वाचे, हे त्यांचे प्रतिपादन. ते नैसर्गिक मूत्राशयासंबंधी होते. आतड्याच्या पिशवीला जसेच्या तसे लावता येत नाही. तरीही रुग्णालयातले काम घरात आणण्याचे श्रेय त्यांचेच, आणि ते मोठे आहे.

पहिले आठवडे : पिशवीचे टाके भरून येईपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, नळी आतच असते. आतडे आपला धर्म सोडत नाही; ते चिकट स्राव सोडत राहते आणि नळी तुंबते. म्हणून दिवसातून काही वेळा सलाईनने हलक्या हाताने पिशवी धुतात. हे काम बहुधा पत्नी, मुलगा किंवा सून शिकते. रुग्णाने पहिल्या दिवसापासून पाहावे, कारण पुढे ते त्याचेच आहे. नळी काढल्यावर दर दोन तासांनी पिशवी रिकामी करायची, रात्री गजर लावून. लघवीची पूर्वीची जाणीव राहत नाही. फार तर ओटीपोट जड वाटते. त्यामुळे घड्याळ पाहावे लागते. अंतर हळूहळू वाढवत काही महिन्यांत 400–500 मिलि. मावू लागते.

कृती : हात साबणाने धुवावेत. नळीला जेली लावावी. पुरुषाने शिश्न पोटाकडे उचलून धरावे. स्त्रियांना सुरुवातीला आरसा उपयोगी पडतो. लघवी सुरू झाली की नळी आणखी 2–3 सेंमी. आत सारावी, काढताना सावकाश, थांबत काढावी, कारण तळाशी स्रावमिश्रित लघवी उरते. अडल्यास जोर लावू नये. श्वास सैल सोडून पुन्हा पाहावे. नळीची जाडी फ्रेंच मापात सांगतात (1 फ्रेंच म्हणजे एक-तृतीयांश मिमी.) व टोकाच्या रंगावरून ओळखतात : 12 पांढरी, 14 हिरवी, 16 केशरी. औषधाच्या दुकानात रंगासोबत आकडाही सांगावा.

वेष्टनावर एकदाच वापरण्याची खूण असते. नळी धुऊन पुन्हा वापरावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अनेक घरांत ती वापरली जाते. वापरायचीच तर आतून-बाहेरून साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी. ओली नळी बंद डब्यात ठेवू नये.

पाणी : उल्हासनगरला औद्योगिक विकास महामंडळाचे, तर अंबरनाथ-बदलापूरला मुख्यतः महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे पाणी येते. नळाची वेळ व नळीची वेळ जुळत नाही. म्हणून हातासाठी झाकलेली वेगळी बादली व तोटीचे पिंप ठेवावे; भरलेल्या बादलीत हात बुडवून धुणे टाळावे. पाणीकपातीच्या दिवशी घरातले हे पाणी राखीव समजावे.

प्रवास : बदलापूरहून दादर सव्वा-दीड तास, आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. दोन तासांच्या टप्प्यात असलेल्याने घरून निघताना व उतरल्यावर लगेच पिशवी रिकामी करावी. दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही बसता येते. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणीदरम्यान पुरात अडकून हजाराहून अधिक प्रवासी कित्येक तास खोळंबले. इंडियाना पिशवीच्या रुग्णासाठी असा खोळंबा गंभीर ठरू शकतो. त्याच्या झोळीत दोन जादा नळ्या, जेली व पाण्याची बाटली कायम असावी.

गुंतागुंत : आतड्याच्या पिशवीतील लघवीत जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात, केवळ अहवाल पाहून प्रतिजैविक घेऊ नये. थंडी-ताप, कुशीत दुखणे किंवा नळी आत न जाणे यांवर मात्र त्याच दिवशी उपचार हवेत. आतडे लघवीतील आम्ल शोषते. थकवा, भूक मंदावणे ही त्याची चिन्हे. रक्तातील क्षार, क्रिएटिनिन व पुढे ब-12 जीवनसत्त्व तपासत राहावे लागते.

व्यवसायसंबंध : रंगकारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे लुडविग रेन यांनी 1895 मध्ये जर्मनीत दाखवले. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंग-रसायनांत काम केलेल्याने ते डॉक्टरांना सांगावे.

लैंगिक जीवन : बदलते, शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे.

साहाय्य : परळ येथील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया. तातडीच्या वेळी उल्हासनगर कॅम्प 3 मधील मध्यवर्ती रुग्णालय किंवा अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय गाठावे व ‘पिशवी आतड्याची आहे’ हे आधी सांगावे.