ओर्का महिना

ओर्का महिना : अमेरिकेच्या वायव्य टोकाला, मुख्यतः वॉशिंग्टन राज्यात, दर वर्षी जूनमध्ये पाळला जाणारा लोकजागृतीचा महिना. शेजारच्या ऑरेगनात आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही त्याचे कार्यक्रम होतात. प्यूजेट साउंड, हुआन द फुका सामुद्रधुनी आणि जॉर्जिया सामुद्रधुनी मिळून जो समुद्र होतो त्याला सेलिश समुद्र म्हणतात. तिथे वावरणाऱ्या ‘दक्षिणी रहिवासी’ ओर्कांसाठी हा महिना आहे. १९९५ मध्ये ते ९८ होते. १ जुलै २०२४ च्या मोजणीत ७३ भरले. सगळी धडपड या मोजक्या जिवांसाठी चालते आणि त्यांतला प्रत्येक जीव किनाऱ्यावरच्या माणसांना नावानिशी ठाऊक आहे. धोक्यात आलेल्या प्राण्यांसाठी जगात कितीतरी दिवस आणि सप्ताह पाळले जातात; एवढी घरगुती ओळख त्यांतल्या फार थोड्यांच्या मागे असते.

ओर्का म्हणजेच ‘किलर व्हेल’. मराठीत त्याला सरसकट देवमासा म्हटले जाते, पण प्राणिशास्त्राच्या हिशेबाने तो डॉल्फिनच्या कुळातला, त्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. जगभरातल्या समुद्रांत तो आढळतो. धोका आहे तो या एका समाजाला. कॅनडाच्या तज्ज्ञ समितीने २००१ मध्ये आणि अमेरिकेने २००५ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवले. समाज हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. हे ओर्का जे, के आणि एल अशा तीन गटांत राहतात. मुलगे आणि मुली दोघेही जन्मभर आईच्या सोबत असतात आणि वयस्क माद्या पुढे चालतात. प्रत्येक गटाची आवाजांची बोली वेगळी असते. याच पाण्यात सील मारून खाणारे दुसरे ओर्काही फिरतात. रहिवासी मात्र मासे खातात आणि त्यांतही चिनूक जातीचा मोठा साल्मन. उन्हाळ्यात त्यांच्या आहाराचा सर्वांत मोठा वाटा चिनूकचाच असतो. चिनूक घटला की ते उपाशी राहतात, आणि त्यांचे आजचे दुखणे बहुतेक इथेच सुरू होते.

या महिन्यामागे एका अपराधाची आठवण आहे. ती बाजूला ठेवली तर जूनमधले कार्यक्रम नुसती जत्रा वाटतील. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथले मच्छीमार ओर्काला साल्मनचा चोर समजत आणि दिसला की गोळी घालत. १९६५ पासून त्याला पैशाचे मोल आले. टेड ग्रिफिन यांनी नामू नावाचा ओर्का सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर आणून लोकांना दाखवला, आणि मत्स्यालयांकडून मागणी सुरू झाली. ८ ऑगस्ट १९७० रोजी ग्रिफिन आणि त्यांचे भागीदार डॉन गोल्ड्सबेरी यांच्या माणसांनी व्हिड्बी बेटाजवळच्या पेन कोव्ह खाडीत ऐंशीहून अधिक ओर्का कोंडले. वरून विमान, पाण्यात वेगवान होड्या आणि स्फोटकांचे बार अशी ती हाकाटी होती. मोठ्यांचे मोल नव्हते, पिल्ले हवी होती. आयांपासून तोडून सात पिल्ले नेली. जाळ्यांत अडकून चार पिल्ले आणि एक मादी बुडून मेली. मेलेल्या पिल्लांची पोटे फाडून त्यांत दगड भरले, देहांना नांगर बांधले आणि ते तळाशी सोडून दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांतले तीन देह वर आले, तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांना झाकलेली गोष्ट कळली.

त्या सातांपैकी एक मादी मायामीच्या मत्स्यालयात गेली. तिचे नाव टोकिटे. खेळाच्या जाहिरातींत ती लोलिटा होती. जेमतेम ८० फूट लांबीच्या टाकीत तिने पन्नासहून अधिक वर्षे काढली. तिच्या सुटकेसाठी व्हिड्बी बेटावरचे लोक आणि लमी या आदिवासी राष्ट्राची माणसे अनेक वर्षे झगडत होती. लमी लोक ओर्कांना लाटांखालचे आपले नातेवाईक मानतात. २०१८ मध्ये त्यांनी कोरलेला लाकडी स्तंभ गाडीवर घालून देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, मायामीपर्यंत नेला. वाटेत गावोगावी थांबून तिची हकीकत सांगितली. मार्च २०२३ मध्ये तिला घरच्या पाण्यात परत आणण्याची योजना जाहीर झाली. १८ ऑगस्ट २०२३ रोजी ती टाकीतच मेली. घरी आली ती तिची रक्षा. लमी लोकांनी ती आपल्या समुद्रात सोडली.

पकडण्याचा धंदा वॉशिंग्टनमध्ये थांबला तो १९७६ मध्ये. मार्चमध्ये राजधानी ऑलिंपियाजवळच्या बड इनलेटमध्ये सी वर्ल्ड या सागरी मनोरंजन कंपनीसाठी ओर्का कोंडले जात होते. गव्हर्नरांचे सहायक राल्फ मन्रो तेव्हा शिडाच्या होडीतून फिरायला निघाले होते. स्फोटके आणि विमानाच्या साह्याने चाललेली ती हाकाटी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्याच सुमारास एव्हरग्रीन महाविद्यालयात ओर्कांवर परिसंवाद भरला होता; तिथले अभ्यासक, विद्यार्थी आणि गावकरी मिळून निषेधाला उभे राहिले. राज्य सरकार कोर्टात गेले आणि वॉशिंग्टनच्या पाण्यात पुन्हा ओर्का न पकडण्याचे सी वर्ल्डला मान्य करावे लागले. जागृत लोकांनी या किनाऱ्यावर मिळवलेले हे पहिले मोठे यश, आणि आजवरचे सर्वांत स्पष्ट यशही हेच.

तोपर्यंत मोजदादही सुरू झाली होती. पाठीवरच्या पराचा आकार, त्यावरचे ओरखडे आणि मागचा खोगिरासारखा करडा डाग यांवरून एकेक ओर्का ओळखता येतो, हे कॅनडाचे मायकल बिग यांनी दाखवून दिले. केन बाल्कम यांनी १९७६ मध्ये सॅन वान बेटावरून अमेरिकेच्या बाजूची गणना हाती घेतली. रहिवासी फक्त ७० च्या आसपास उरले होते. पुरेसे ओर्का आहेत म्हणून पकडायला हरकत नाही, या समजुतीचा पायाच त्या आकड्याने काढून घेतला. प्रत्येकाला क्रमांक मिळाला, मग नावही. सॅन वान बेटावरच्या फ्रायडे हार्बर गावी १९७९ मध्ये व्हेल संग्रहालय उघडले. लोकांनी एखादा ओर्का नावाने ‘दत्तक’ घ्यावा अशी योजना तिथे सुरू झाली, पिल्लांच्या नावांसाठी लोकांची मतेही घेतली गेली. जे ३५ म्हटले की अभ्यासकाला तिची वंशावळ आठवते. तालेक्वा म्हटले की शाळकरी मुलाला ती आठवते. माझ्या मते इथल्या सगळ्या जागृतीचा पाया या नावांच्या यादीत आहे.

मुलांचा हात कुठवर पोहोचतो याचे एक उदाहरण व्हिड्बी बेटाने घालून दिले. पेन कोव्हपासून जवळच ओक हार्बर गाव आहे. तिथल्या क्रेसेंट हार्बर प्राथमिक शाळेतल्या दुसरीच्या मुलांनी ओर्का हा राज्याचा सागरी सस्तन प्राणी व्हावा म्हणून दोन वर्षे माहिती जमवली आणि आमदारांपुढे मांडली. २००५ मध्ये विधिमंडळाने तसा कायदा केला. ज्या पिढीने खाडीत जाळी लावली तिच्या नातवंडांच्या वयाची ही मुले.

ओर्का नेटवर्क ही संस्था २००१ मध्ये सुझन बर्टा आणि हॉवर्ड गॅरेट यांनी व्हिड्बी बेटावरच सुरू केली. कुठे ओर्का दिसले हे किनाऱ्यावरच्या माणसांनी, फेरीबोटीतल्या प्रवाशांनी कळवायचे आणि संस्थेने सर्वांना सांगायचे, हे तिचे रोजचे काम. जून हा ओर्का महिना म्हणून जाहीर होऊ लागला तो या शतकाच्या पहिल्या दशकात. राज्याचे गव्हर्नर तसा जाहीरनामा काढतात. नाव आधी ओर्का जागृती महिना होते. पुढे जागृती हा शब्द जाऊन तिथे कृती आला. हा बदल कार्यक्रमांतही दिसतो. व्याख्याने, चित्रपट, मुलांची चित्रे, मिरवणुका होतातच. त्यांच्या जोडीला किनारे साफ केले जातात, साल्मन ज्या ओढ्यांत अंडी घालतो त्यांच्या काठी झाडे लावली जातात, आमदारांना पत्रे लिहिली जातात. घरापुढच्या रस्त्यावर गाडी धुतली तर ते पाणी गटारातून थेट समुद्रात जाते, ही साधी गोष्टही समजावून सांगितली जाते.

महिन्यातला सर्वांत देखणा कार्यक्रम सॅन वान बेटाच्या पश्चिम काठावर होतो. लाइम किल्न हे तिथले राज्य उद्यान. दीपगृहाखालचा खडक सरळ खोल पाण्यात उतरतो, त्यामुळे ओर्का हाकेच्या अंतरावरून जातात आणि त्यांना पाहायला बोट लागत नाही. पाण्यात ध्वनिग्राहक सोडलेले असल्याने त्यांचे बोलणे काठावर ऐकता येते. इथे सिअ‍ॅटलचा एक गायकवृंद फ्रेड वेस्ट यांच्या मार्गदर्शनाखाली समुद्राकडे तोंड करून गातो. कुटुंबे डबे घेऊन खडकांवर बसतात, सूर्य उशिरा मावळतो. पूर्वी या दिवसांत फ्रेझर नदीकडे निघालेल्या चिनूकच्या मागे रहिवासी हमखास येत. जून निवडण्यात अर्थ होता. अलीकडच्या वर्षांत उन्हाळ्यात त्यांचे येणे बरेच कमी झाले आहे. कित्येकदा गाणे होते आणि समोर नुसते पाणी असते. तरी माणसे येतात.

या महिन्याची काही भावंडेही आहेत. व्हिड्बी बेटावरच्या लँग्ली गावी एप्रिलमध्ये करड्या देवमाशांच्या स्वागताचा उत्सव होतो. मेक्सिकोकडून आर्क्टिककडे जाताना त्यांतले थोडे वाट वाकडी करून या उथळ पाण्यात शिरतात आणि वाळूतली कोळंबीसारखी कवचधारी खाऊन पुढे जातात. मुले आणि मोठी माणसे मासे, खेकडे, देवमासे यांची सोंगे घेऊन रस्त्यातून मिरवत पाण्यापर्यंत जातात. गावात समुद्राकडे पाहणारी एक घंटा टांगलेली आहे. पाण्यावर फवारा दिसला की ज्याला दिसला त्याने ती वाजवायची. ती ऐकून दुकानातले गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही बाहेर येतात. माहितीपत्रकांच्या ढिगाने जे साधत नाही ते ही घंटा करते, कारण ती वाजवायला गावातला कुणीही चालतो.

ऑगस्टमध्ये पेन कोव्हच्या काठी कूपव्हिल गावी वर्षश्राद्धासारखा दिवस पाळला जातो. पाण्यात लांबवर गेलेला जुना लाकडी धक्का, टोकाला लाल इमारत. आज ही खाडी तराफ्यांखाली दोरांवर वाढवल्या जाणाऱ्या शिणाण्यांसाठी नावाजलेली आहे. नवख्या माणसाला तिथे काय घडले याचा पत्ताही लागणार नाही. तो लागावा म्हणूनच लोक जमतात. नेलेल्या आणि मेलेल्या ओर्कांची आठवण काढली जाते, पाण्यावर फुले सोडली जातात. १९७० चा तो दिवस प्रत्यक्ष पाहिलेली माणसे अनेक वर्षे इथे येऊन बोलत आली. आयांचे आणि पिल्लांचे ओरडणे गावापर्यंत ऐकू येत होते, असे ती सांगत.

जुलै २०१८ मध्ये तालेक्वाचे नवजात पिल्लू जन्मानंतर अर्ध्या तासात दगावले. ती त्याचा देह डोक्यावर तोलत १७ दिवस आणि सुमारे १,६०० किलोमीटर पोहली. कुठल्याही मोहिमेने झाला नसेल इतका त्या प्रवासाचा परिणाम झाला. जगभर लोक दररोज तिची बातमी पाहत होते. जे इन्सली हे तेव्हाचे गव्हर्नर. त्यांनी त्याच वर्षी कृतिदल नेमले होते, त्याच्या बैठकांना गर्दी झाली. बोटींच्या आवाजाने ओर्कांना मासे शोधणे अवघड होते. म्हणून पुढे अंतराचे नियम कडक होत गेले आणि जानेवारी २०२५ पासून वॉशिंग्टनच्या पाण्यात बोटींना रहिवासी ओर्कांपासून १,००० यार्ड, म्हणजे सुमारे ९०० मीटर, दूर राहणे बंधनकारक झाले. हा नियम येण्याच्या तोंडावरच तालेक्वाचे आणखी एक पिल्लू गेले आणि तिने तोही देह वाहिला.

पकडणे बंद करणे आणि बोटी मागे सारणे या गोष्टी लोकांच्या प्रेमाने करून घेतल्या. साल्मन परत आणणे त्याहून कठीण आहे, कारण तिथे वीज, शेती, जलवाहतूक आणि मासेमारी यांचे हितसंबंध येतात. साल्मनची वाट अडवणारी एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ मध्ये पाडली गेली, तेव्हा आदिवासी आणि इतर नागरिकांनी तो सोहळाच मानला. स्नेक नदीच्या खालच्या भागातली चार धरणे मात्र उभी आहेत. ती काढण्याची वाट मोकळी करू शकणारा करार डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने आदिवासी राष्ट्रे आणि दोन राज्यांशी केला होता. जून २०२५ मध्ये, ओर्का महिना चालू असतानाच, नव्या सरकारने त्यातून अंग काढून घेतले.

महिना संपला की १ जुलैची गणना येते. रहिवासी ओर्काचा देह क्वचितच हाती लागतो. कुटुंब परत येते तेव्हा छायाचित्रे जुळवून पाहिली जातात. आईच्या बाजूची ठरलेली जागा एकामागून एक फेऱ्यांत रिकामी दिसली की यादीत त्या नावापुढे वर्ष लिहिले जाते.