पोवळं, पूल आणि पायाखालची जमीन

मुंबईच्या कोस्टल रोडचा नागपूरशी काय संबंध? आहे ना भाऊ! त्या रस्त्याच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ, म्हणजे आपलं पोवळं, सापडलं. वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. त्याला हात लावायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि त्यांचं कार्यालय आपल्या नागपुरात. २०२० मध्ये प्रवाळाच्या १८ वसाहती तिथून हलवल्या.

बरं झालं, तिथलं प्रवाळ बसाल्टवर वाढलेलं होतं. लक्षद्वीपसारखा खरा प्रवाळ-खडक फसवा. ड्रिलला वरचा थर टणक लागतो, खाली पोकळी नाहीतर चुन्याची भुसभुशीत वाळू. ही वाळू दाबली की चुरते, खांबाला धरतच नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात नॉर्थ रँकिन गॅस प्लॅटफॉर्मचे पाइल ठोकताना हेच झालं. काही पाइल स्वतःच्याच वजनाने खाली घसरत गेले. तेव्हापासून अशा वाळूची वेगळी तपासणी सुरू झाली.

कोस्टल रोडला ७०४ पाइलऐवजी १७६ मोनोपाइल घेतले. एका खांबाला एकच जाड पाय. समुद्रतळ कमी खोदावा लागतो, पण शेजारी दुसरा आधार नाही. म्हणून खालचा खडक आधी नीट तपासावाच लागतो.

वरळीच्या कोळ्यांचा प्रश्न मात्र वेगळा होता. खांबांमधल्या ६० मीटरमधून खवळलेल्या समुद्रात होडी कशी काढायची? त्यांनी काम अडवलं. अंतर १२० मीटर करायचं ठरलं ते थेट २०२२ च्या डिसेंबरात. खडकाला आधी विचारलं, माणसांना मागून.

आता आपलं बघा. नागपूर दोन खडकांच्या सीमेवर आहे. पश्चिमेला बसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना खडक, वर पावसात फुगणारी काळी माती. शेजारच्या गावचा बोअर रिपोर्ट आपल्या नाल्यावरच्या पुलाला कसा चालेल?

पाया कोणाला दिसत नाही. महाडला सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला, दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या.

म्हणून गावात पुलाचं भूमिपूजन असेल, तर नारळ फुटायच्या आधी विचारा: बोअर किती मारले, किती खोल, रिपोर्ट कुठे आहे? नाहीच दाखवला, तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज आहेच.