निदान लॉग (कार्यालयीन संवाद ॲप)

निदान लॉग म्हणजे संगणकीय ॲपने स्वतःच्या कामकाजाची आपोआप लिहून ठेवलेली कालानुक्रमिक नोंद होय. मायक्रोसॉफ्ट टीम्स, स्लॅक, झोहो क्लिक यांसारख्या कार्यालयीन संवाद ॲपमध्ये संदेश न पोहोचणे, कॉल तुटणे किंवा लॉगिन न होणे असे बिघाड उद्भवल्यास तांत्रिक साहाय्य विभाग वापरकर्त्याकडून या नोंदी मागवतो. बिघाड वापरकर्त्याच्या उपकरणात आहे, नेटवर्कमध्ये आहे की सेवादात्याच्या सर्व्हरवर, हे ठरवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

नाव

जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधून पाण्यात सोडल्या जाणाऱ्या लाकडाच्या तुकड्यास इंग्रजीत लॉग म्हणत. हा वेग ज्या वहीत लिहिला जाई ती लॉगबुक. पुढे हाच शब्द संगणकीय नोंदींसाठी रूढ झाला. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या प्रणालीसोबत विकसित केलेली सिसलॉग ही पद्धत पुढे सर्वत्र स्वीकारली गेली.

स्वरूप

लॉगमधील प्रत्येक ओळीत सामान्यतः वेळ, गांभीर्याची पातळी (माहिती, इशारा, त्रुटी), संबंधित घटक आणि घटनेचे वर्णन असते. संभाषणाचा इतिहास आणि निदान लॉग या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात माणसांचे बोलणे असते, तर दुसऱ्यात ॲपचे वर्तन.

संकलन

टीम्समध्ये विंडोज संगणकावर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट व १ या कळा, तर मॅकवर ऑप्शन, कमांड, शिफ्ट व १ या कळा एकत्र दाबल्यास लॉग डाउनलोड्स फोल्डरमध्ये जमा होतात. स्लॅकच्या संगणकीय आवृत्तीत मदत यादीतील समस्यानिवारण विभागातून ॲप पुन्हा सुरू करून नेटवर्कच्या नोंदी घेता येतात. अशा वेळी नोंद चालू असताना बिघाड पुन्हा घडवून आणावा लागतो. लॉगचा आकार मर्यादित ठेवण्यासाठी जुन्या नोंदी पुसल्या जात असल्याने बिघाडानंतर शक्य तितक्या लवकर संकलन करणे इष्ट असते.

वेळेची जुळणी

अनेक लॉग भारतीय प्रमाणवेळेऐवजी समन्वित वैश्विक वेळेत लिहिले जातात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. त्यामुळे धुळे जिल्ह्यातील साक्री येथे सकाळी ११ वाजता तुटलेला कॉल अशा लॉगमध्ये ०५:३० या वेळेस शोधावा लागतो. तक्रारीत बिघाडाची नेमकी वेळ व ती कोणत्या प्रमाणवेळेनुसार आहे हे नमूद न केल्यास हजारो ओळींतून योग्य ओळ सापडणे कठीण होते.

गोपनीयता

लॉगमध्ये वापरकर्त्याचे नाव, ईमेल पत्ता, आयपी पत्ता व उपकरणाचा तपशील असू शकतो. ब्राउझरमधून घेतलेल्या एचएआर फाइलमध्ये कुकी व सत्र-टोकनही असू शकतात. असे टोकन हाती लागल्यास पासवर्ड माहीत नसतानाही दुसऱ्याच्या खात्यात प्रवेश मिळवता येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या कंपनीने आपल्या ग्राहक साहाय्य प्रणालीत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले. कंपनीच्या माहितीनुसार १३४ ग्राहकांच्या फाइल घुसखोरांनी पाहिल्या आणि त्यांतील टोकन वापरून ५ ग्राहकांच्या सत्रांचा ताबा घेतला. साहाय्यासाठी विश्वासाने दिलेल्या फाइलच येथे हल्ल्याचे साधन ठरल्या. म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी संवेदनशील भाग काढून टाकणे, ती केवळ अधिकृत मार्गाने देणे आणि नंतर लॉगआउट करून जुने सत्र रद्द करणे आवश्यक मानले जाते.

भारतातील नियम

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ७०ब अन्वये सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश जारी केले. त्यांनुसार सेवादाते, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे. प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या वेळस्रोताशी, मिळवून ठेवण्याची तरतूदही त्यांत आहे.